दोन घागरी पाणी

उमरग्याच्या मोटारअड्ड्याजवळ चन्नबसप्पा शेटनी मुसाफिरखाना बांधला, तेव्हा गावानं खोल्यांचं कौतुक केलं नाही की पलंगांचं केलं नाही. कौतुक झालं ते मागच्या अंगाला बसवलेल्या दोन चिनीमातीच्या कमोडांचं. मुंबईहून सोलापूर आणि सोलापूरहून पुढं बैलगाडीत, गवताच्या गादीवर निजवून ती भांडी आणली होती. नवी सून बघायला यावं तशी माणसं ती बघायला आली. त्यावर बसायचं कसं, यावर चावडीत दोन दिवस वाद झाला आणि एकमत काही झालं नाही. निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे चोपन्न साल होतं. तिकडं जगभर लढाई पेटली होती, इकडं साखर आणि रॉकेल मिळेनासं झालं होतं, पण शेटच्या कमोडांची ऐट काही कमी झाली नव्हती.

ती ऐट सहा महिने टिकली. मुसाफिरखान्याच्या विहिरीचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि जिथं साचेल तिथं पिवळं कवच धरतं. कमोडाच्या बुडाशी आधी पिवळी रेघ आली, मग तपकिरी कडं आलं आणि मग ते कडं इतकं जाड झालं की हैदराबादहून आलेल्या एका वकिलानं नाकाला रुमाल लावून विचारलं, "यह बर्तन कब धुला था?"

भांडं रोज धुतलं जात होतं. धुणारी तुळजाबाई होती, आणि वकिलाचे शब्द ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं सोलापुरात गिरणीचे संडास साफ केले होते. एका पाळीला चारशे माणसं जाणारे ते संडास. तिला कोण शिकवणार? पण शिकवायला मुनशी मल्लिनाथ हजर होता. शेटनी मुसाफिरखान्याचा निम्मा कारभार आणि सगळा आरडाओरडा या मुनशीच्या हवाली केला होता.

"हात चालव जरा, तुळजे," मुनशी दारातूनच म्हणाला. दाराच्या आत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. "विटकरीची भुकटी घे आणि घास."

"मुनशीजी, भुकटीनं वरची चकाकी जाईल. चकाकी गेली की डाग जास्तच धरील."

"घास म्हटलं ना!"

तिनं घासलं. चकाकी गेली. डाग जास्त धरला. मुनशीनं त्याचा ठपका तिच्या हातांवर ठेवला.

मग धुण्याचा सोडा झाला. मग सरकारी दवाखान्यातून, पटकीच्या साथीत विहिरीत टाकायला आलेली ब्लीचिंग पावडर झाली. त्या पावडरीनं डाग दोन दिवस पांढरट दिसला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वर आला. प्रत्येक वेळी मुनशी नवं काहीतरी आणायचा, प्रत्येक वेळी तुळजाबाई सांगायची की यानं होणार नाही, आणि प्रत्येक वेळी झालं नाही की शिव्या तिलाच. शेवटी तिचा जीव इतका विटला की तिनं आपणहून तोंड उघडलं.

"ह्यो मळ न्हाय, मुनशीजी. पान्यातला दगड हाय ह्यो. दगडाला तेजाबच लागतंय. थोडंसं घालायचं, पानाचा इडा चघळून होस्तोवर ठिवायचं, कुंच्यानं फिरवायचं आन भरपूर पानी सोडायचं. निगतंय. पर भांड्यातच घालायचं. ह्या शहाबादी फरशीवर पडलं तर फरशी खाईल. आन पावडरीत न्हाई तर सोड्यात मिसळायचं न्हाई. पावडरीत मिसळलं तर त्येचा धूर छातीत जातो, सोड्यात मिसळलं तर उसळून अंगावर येतं."

"बरं, बरं. आणतो तेजाब सोलापूरहून."

"आन आणखी एक. तेजाब उघडायच्या आदी दोन घागरी पानी माझ्याजवळ पायजे. भरल्यालं."

मुनशी थबकला. "दोन घागरी? कशाला?"

"डोळ्यात उडालं तर."

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं, पण सांगताना तिच्यासमोर तिचा नवरा दगडोबा उभा होता. सोलापूरच्या गिरणीत दगडोबाच्या डाव्या डोळ्यात तेजाब उडालं, तेव्हा नळ वीस पावलांवर होता. नळाला त्यानं हात लावायचा नव्हता. नळावरचा माणूस विडी पेटवायला गेला होता. तो येईपर्यंत दगडोबा डोळा दाबून नळाशेजारी उभा राहिला. आता तो डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला होता, आणि दगडोबा घरी बसून एका डोळ्यानं केरसुण्या बांधत होता. घरात कामाचे धड डोळे आता दोनच उरले होते, ते तुळजाबाईचे. ते तिला शाबूत पाहिजे होते. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

पण मुसाफिरखान्याची विहीर म्हणजे काही साधी विहीर नव्हती. तिच्या दोराला तुळजाबाईनं हात लावायचा नाही. पाणक्या गुंडाप्पा रिकामा झाला की तो काठावर उभा राहून वरून तिच्या टमरेलात धार सोडायचा. गुंडाप्पा रिकामा कधी व्हायचा, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. आधी खोल्यांचं पाणी, मग स्वयंपाकाचं, मग त्याची स्वतःची आंघोळ, मग पिंडीची पूजा आणि मग तुळजाबाई.

"मुसाफिरखान्याच्या घागरी तुला कशा देऊ?" मुनशी म्हणाला. "तुझा हात लागला की त्या आमच्या कामाच्या राहत न्हाईत. तुझ्याच होऊन बसतात."

"मातीच्या घ्या की. कुंभाराकडं ढिगानं पडल्यात."

"आज घागर मागतीस, उद्या विहीर मागशील."

झालं. विषय संपला. तेजाब मात्र आलं. काचेच्या जाड बाटलीत, काचेचंच बूच लावलेलं. ती बाटली मुनशीनं कोठीच्या खोलीत तुपाच्या डब्याशेजारी ठेवली. आता तुपाशेजारच्या बाटलीला तुळजाबाईनं हात कसा लावायचा? मग मुनशीनं तोड काढली. तो स्वतः बाटली घेऊन मागच्या पायरीवर उभा राहायचा, तुळजाबाई खाली टमरेल धरायची, आणि तो हात उंच करून वरून धार सोडायचा. पाणी जसं ओततात, ताक जसं ओततात, अगदी तसंच. जन्मभर त्यानं तिच्यासारख्यांना जे काही दिलं होतं ते वरूनच दिलं होतं. हात खाली आणून ओतणं त्याच्या खांद्याला ठाऊकच नव्हतं.

"बाटली खाली ठिवा, मुनशीजी. म्या घेते. तेजाब वरनं वतत न्हाईत, शिंतोडं उडतात."

"शहाणी आहेस. टमरेल नीट धर म्हणजे उडणार न्हाईत."

टमरेल ती नीटच धरायची. तोंड फिरवून, डोळे मिटून, हात लांब करून धरायची. तीन आठवडे असं चाललं. कमोड उजळले, कडं गेलं, आणि शेटनी मुनशीच्या अकलेची चारचौघांत तारीफ केली. तुळजाबाईच्या मनगटावर मात्र मसुरीएवढे लाल ठिपके उठले होते. दर खेपेला ती दोन घागरी मागायची आणि दर खेपेला मुनशी हसायचा. त्या हसण्याचा तिला तेजाबाहून जास्त संताप यायचा.

अशात हुकूम आला की अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, गुरुवारी दौऱ्यावर उमरग्याला येणार आणि मुक्काम मुसाफिरखान्यात करणार. शेटच्या पायाला भिंगरी लागली. भिंतींना चुना झाला, पलंगांना नव्या चादरी आल्या. मुनशीनं फर्मान काढलं, कमोड असा पांढरा पाहिजे की साहेबांना त्यात तोंड दिसलं पाहिजे. साहेब त्यात तोंड कशाला बघतील, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

गुरुवारी सकाळी तुळजाबाई वस्तीवरच्या आडाचं पाणी भरून स्वतःची घागर घेऊन आली. वस्ती गावाबाहेर, अर्ध्या कोसावर. डोक्यावर घागर, काखेत कुंचा आणि मान अवघडलेली. मुनशीनं तिला मागच्या दारातच अडवलं.

"ती घागर आत आणायची न्हाई. आज साहेब येणार, आणि तू वस्तीचं पाणी इथं मांडतीस?"

"मग तुमचं द्या."

"वेळ न्हाई. गुंडाप्पा कामात आहे."

"तर मग तेजाबबी नगं. सोड्यानं धुते."

मुनशी तांबडा झाला. ही बाई आज, साहेब येण्याच्या दिवशी, नाही म्हणते! पण भांडत बसायला वेळ नव्हता; तेजाबच लागेल असं बजावून तो बाटली घेऊन पायरीवर चढला. तुळजाबाईनं घागर मागच्या भिंतीला, बाभळीखाली टेकवून ठेवली. आत नाही, पण हाताच्या टप्प्यात. तेवढ्यावर तिनं स्वतःची समजूत घातली आणि टमरेल घ्यायला वळली.

ते टमरेल घटकेपूर्वी मुनशीच्या सांगण्यावरून गुंडाप्पानं सोड्यानं निम्मं भरून ठेवलं होतं. मुनशीचा हिशेब सरळ होता. सोडा साफ करतो, तेजाबही साफ करतं, मग दोन्ही मिळून दुप्पट साफ करणार. तुळजाबाईनं टमरेल उचललं, ते तिला जड लागलं. तिनं आत पाहिलं आणि पांढरी भुकटी दिसताच ती ओरडली, "थांबा! मुनशीजी, थांबा, ह्येच्यात सोडा—"

पण मुनशीचा हात आधीच वर गेला होता. धार खाली आली. टमरेलात फस्स करून आवाज झाला, पांढरा फेस तोंडापर्यंत चढला आणि फुटला. मुनशी हे काय झालं म्हणून नेमका वाकून बघत होता. तो किंचाळला. त्याच्या हातातली बाटली हिंदकळली आणि उरलेली धार तुळजाबाईच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत वाहिली.

मुनशी पायरीवरून खाली कोसळला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो लोळायला लागला. "डोळे! अरे, माझे डोळे गेले!"

गुंडाप्पा विहिरीवरून धावत आला आणि कोठीत घुसून तुपाचा डबाच घेऊन बाहेर आला. "तूप घालू, तूप! थंड पडतंय!"

"तूप न्हाय!" तुळजाबाई त्याच्यावर खेकसली. इतक्या वर्षांत तिनं गुंडाप्पाला एक चढा शब्द काढला नव्हता. "पानी!"

घागर एकच होती. तिचा हात आगीत धरावा तसा भाजत होता. घागरीतलं निम्मं पाणी हातावर घ्यावं, हे तिच्या मनात आलं, आलंच. पण डोळ्यापुढं दगडोबाचा पांढरा डोळा आला आणि मग तिला दुसरं काही दिसेना. तिनं मुनशीच्या छातीवर गुडघा रोवला, डाव्या हातानं त्याच्या पापण्या ताणल्या आणि बगलेत धरलेल्या घागरीतून डोळ्यावर पाणी सोडलं.

"शिवू नकोस!" मुनशी ओरडत होता. "अगं, शिवू नकोस मला!"

"गप पडा!"

तिनं नाकाच्या बाजूनं, हळूहळू, न थांबता पाणी सोडलं. आधी उजवा डोळा, मग डावा, मग परत उजवा. शेवटचा थेंब संपेपर्यंत. मुनशीचं ओरडणं कण्हण्यावर आलं. मग त्यानं एक डोळा किलकिला केला आणि पहिल्यांदा दिसलं ते तुळजाबाईचं तोंड. त्यानं डोळा पुन्हा मिटला.

घागर खाली ठेवून तुळजाबाईनं हात पुढं केला. "गुंडाप्पा, ह्या हातावर पानी सोडा की. लई भाजतंय."

गुंडाप्पानं मुनशीकडं पाहिलं. मुनशीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "आधी मुनशीजींना दवाखान्यात पोचवतो," गुंडाप्पा म्हणाला आणि मुनशीला खांद्यावर घेऊन निघूनसुद्धा गेला.

विहिरीच्या काठावर बादली होती. पाऊण भरलेली. तुळजाबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आसपास चिटपाखरू नव्हतं. हात घातला असता तर कोण बघणार होतं? पण कुणी बघितलं असतं आणि विहीर बाटली अशी बोंब उठली असती, तर उद्या सगळ्या वस्तीला गावात पाय ठेवणं मुश्कील झालं असतं. बादलीतल्या पाण्यात तिला बाभळीची फांदी दिसत होती. ती रडली. हात भाजला म्हणून नाही, चिडून रडली. मग तसाच हात धरून अर्धा कोस धावत आडावर गेली. तोवर कातडी सोलून निघाली होती.

दुपारी ती दवाखान्यात गेली आणि बाहेर खिडकीशी उभी राहिली. आत मुनशीच्या डोळ्यांवर पट्टी चालली होती. डॉक्टर मुसलमान होते, हैदराबादेत शिकलेले, बोलायला सरळ.

"मुनशीजी, नसीब म्हणा. डोळे वाचले. लगेच भरपूर पाणी मारलं म्हणून वाचले. नाहीतर खेळ खतम होता. कुणी मारलं पाणी?"

तुळजाबाईनं खिडकीचा गज धरला.

"गुंडाप्पानं," मुनशी म्हणाला.

गुंडाप्पा कोपऱ्यात उभा होता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

"शाब्बास, गुंडाप्पा!" डॉक्टर म्हणाले. "आणि मुनशीजी, यापुढं तेजाबाला हात लावण्याआधी पाणी जवळ भरून ठेवत जा. समजलं?"

मुनशीनं मान डोलावली. मग कंपाउंडरनं खिडकीतून तुळजाबाईच्या हातावर मलम टाकलं. वरूनच.

"माझ्या घागरीचं पानी, माझा हात, आन नाव गुंडाप्पाचं," घरी आल्यावर ती दगडोबाला म्हणाली.

दगडोबानं केरसुणी बाजूला ठेवली. "निम्मं पानी तुझ्या हाताला ठिवायचं व्हतंस."

"ठिवनार व्हते. तुमचा डोळा आठवला."

दगडोबानं तिचा हात मांडीवर घेतला आणि संध्याकाळपर्यंत त्यावर फुंकर घालत बसला.

तालुकदारसाहेब त्या दिवशी आलेच. मोटारअड्ड्यावर उभ्यानं चहा प्यायले, घड्याळ बघितलं आणि पुढं निघून गेले. मुसाफिरखान्याकडं त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

नवव्या दिवशी तुळजाबाई कामावर गेली. हाताला फडकं गुंडाळलेलं. मागच्या दारी येऊन बघते तर संडासाच्या दाराशी दोन घागरी. नव्या, लाल, कुंभाराच्या भट्टीतून नुकत्या निघाल्यासारख्या, वर झाकण्या, आणि गळ्यापर्यंत पाणी. महिनाभर घसा कोरडा करून जे मागितलं ते शेवटी दारात उभं होतं. उशिरा का होईना, माणसाला कळलं. मुनशीबद्दल इतके दिवस मनात घोकलेल्या शिव्या तिनं त्या क्षणी माघारी घेतल्या. ती पुढं झाली.

"अगं, अगं! हात नगं लावू, तुळजाबाय!" गुंडाप्पा विहिरीवरून ओरडला. "मुनशीजींसाठी हायेत त्या. तेजाब वतताना त्येंच्या डोळ्यात उडालं तर म्हणून. डॉक्टरसाहेबानं सांगितलंय न्हवं?"

तुळजाबाई जागच्या जागी उभी राहिली. "आन माझ्या डोळ्यात उडालं तर?"

गुंडाप्पाला हा प्रश्न पडलाच नव्हता. तो कानामागं खाजवायला लागला.

तेवढ्यात मुनशी कोठीतून बाटली घेऊन आला. डोळे अजून लालच होते. तो पायरीवर चढून उभा राहिला. "धर टमरेल," तो म्हणाला. तिच्याकडं न बघता म्हणाला.

तुळजाबाईनं टमरेल खाली ठेवलं. हाताचं फडकं सोडलं. पहिल्या घागरीची झाकणी काढली आणि उजवा हात कोपरापर्यंत आत बुडवला. मग तो बाहेर काढून दुसऱ्या घागरीत बुडवला, आणि तिथंच ठेवला. नव्या मातीतलं पाणी गार होतं. नऊ दिवसांत त्या हाताला पहिल्यांदाच थंड वाटलं.

"शिव शिव शिव!" गुंडाप्पा म्हणाला. "बाटवल्यास की गं! दोन्ही!"

"व्हय," तुळजाबाई म्हणाली. "माझा हात लागला की त्या तुमच्या कामाच्या ऱ्हात न्हाईत. मुनशीजीच म्हनले व्हते. माझ्याच होऊन बसतात."

मुनशीनं तोंड उघडलं. त्याला ओरडायचं होतं, हे त्याच्या गळ्याच्या शिरांवरून दिसत होतं. तुळजाबाई त्याच्याकडं बघत राहिली, त्याच्या दोन्ही डोळ्यांत, सरळ. ते डोळे कुणाच्या घागरीच्या पाण्यानं वाचले हे त्या अंगणात तिघांनाही माहीत होतं, आणि गावात फक्त तिघांनाच माहीत होतं. मुनशीनं तोंड मिटलं.

"बाटली खाली ठिवा," ती म्हणाली. "वरनं वतायचं न्हाई."

मुनशी पायरी उतरला. वाकला. बाटली तिच्यासमोर फरशीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरला.

तुळजाबाईनं एकेक करून दोन्ही घागरी आत नेल्या. एक उजव्या हाताला ठेवली, एक डाव्या. दार सताड उघडं टाकलं, पदर नाकाला बांधला आणि बाटलीचं बूच काढलं.